लांबलचक नांवाचा पदच्छेद

मनुष्यास रोगाचें भय वाटतें हें स्वाभाविकच आहे. परंतु रोगाच्या नांवाचें, आणि त्याहूनही पुढें जाऊन रोग शोधण्यासाठीं करावयाच्या तपासणीच्या नांवाचें भय वाटूं लागावें, हा प्रकार मात्र अलीकडचा. जुने वैद्य नाडी पाहत, जीभ पाहत, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत. या क्रियांचीं नांवें घरांतील पोरासोरांसही ठाऊक असत. आज कोणत्याही सुशिक्षित कुटुंबांत महिन्या-दोन महिन्यांनीं एखादी चिठ्ठी येते आणि तीवर एक नांव असें असतें कीं, वाचणारा पहिल्या दोन अक्षरांवर अडखळतो, तिसऱ्यावर खांकरतो आणि उरलेलें नांव 'वगैरे वगैरे' म्हणून गिळून टाकतो. ऐकणाऱ्यांच्या मनांत मात्र एकच तर्क उभा राहतो: नांव एवढें मोठें, तर दुखणें केवढें असेल!

हा तर्क सर्वस्वी खोटा आहे, आणि तो खोटा ठरविण्यासाठीं फार दूर जावयास नको. 'प्लेग' हें नांव अवघ्या दोन अक्षरांचें. पण १८९६ सालीं मुंबईस तो उद्भवला तेव्हां त्यानें इलाख्यांतील गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. उलट 'अल्ट्रासोनोग्राफी' हें नांव चांगलें सहा अक्षरांचें. पण तींत पोटावर थंडगार लेप लावून एक लहानसें यंत्र फिरविण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. नांवाची लांबी आणि संकटाची लांबी यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं.

नांवाच्या भयापासून पाश्चात्त्य लोकही सुटलेले नाहींत. चुंबकाच्या साहाय्यानें शरीराच्या आंतील चित्र काढण्याची जी विद्या आज 'एम्. आर्. आय्.' म्हणून ओळखली जाते, तिच्या मूळ नांवांत 'न्यूक्लिअर' असें एक पद होतें. त्याचा संबंध अणुबाँबशीं नसून हायड्रोजनच्या अणूच्या गर्भाशीं होता. तथापि तें पद ऐकून रुग्ण बिचकतील या धास्तीनें रुग्णालयांच्या व्यवहारांतून तें गाळण्यांत आलें. यंत्र तेंच राहिलें, क्रिया तीच राहिली. पद तेवढें गेलें. याच विद्येबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड या दोघांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पद गाळून भय घालविण्याची युक्ति शास्त्रज्ञांस साधते. गृहस्थास ती साधत नाहीं. त्यास पद तोडून, त्याचे तुकडे ओळखूनच भय घालवावें लागतें. पदें तोडण्याची ही विद्या आपल्या देशांत फार जुनी आहे. ती वैद्यकाच्या नांवांस लावतां येते, नव्हे, लाविली पाहिजे, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे. उदाहरणासाठीं आम्ही एक असें नांव घेतों, कीं ज्यानें आमच्याच घरांत तीन दिवस कोणास सुखाचा घांस घेऊं दिला नाहीं.

आमच्या थोरल्या वहिनींस गेल्या श्रावणांत कावीळ झाली. पित्ताशयांत खडे आहेत हें सोनोग्राफींत पूर्वींच दिसलें होतें. त्यांतील एखादा घसरून पित्ताच्या नळींत अडकला असावा असा डॉक्टरांचा कयास. म्हणून त्यांनीं एक तपासणी लिहून दिली. चिठ्ठीवर पूर्ण नांव होतें: 'मॅग्नेटिक रेझोनन्स कोलँजिओपँक्रिॲटोग्राफी'. चिठ्ठी घेऊन आलेल्या पुतण्यानें पहिलीं दोन पदें सोडून दिलीं आणि शेवटचें लांबलचक पद कसेंबसें उच्चारून घरांत सांगितलें. दुसऱ्या पुतण्यानें तेवढेंच पद मोबाइलवर घालून माहिती काढली. ती निघाली निराळ्याच प्रकाराची: 'एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिॲटोग्राफी'. शेवटचें पद तेंच. पण या प्रकारांत घशावाटे नळी आंत सोडतात, गुंगीचें औषध देतात, आणि थोड्या रुग्णांत मागाहून स्वादुपिंडास सूज येते, हें सर्व मोठ्यानें वाचलें गेलें. वहिनी उठून देवघरांत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझें आतां वय झालें. माझ्या घशांत कोणी नळ्या घालूं नका. काय व्हायचें तें इथेंच होऊं द्या."

रुग्णालयाच्या खिडकीवर विचारावयास गेलों, तों तेथील मनुष्यानें "तुमची एम्. आर्. सी. पी. आहे" इतकें सांगून पुढच्यास हांक मारली. घरीं कोणी 'ई. आर्. सी. पी.' म्हणे, कोणी 'एम्. आर्. सी. पी.' म्हणे, आणि दोन्ही एकच असा सर्वांचा समज. तपासणीचा ठरलेला दिवस टळला. कावीळ मात्र टळली नाहीं. वहिनींच्या डोळ्यांचा पिंवळेपणा रोज गडद होत होता. नळी अशी तुंबून राहिली आणि आंतील पित्तांत जंतूंचा शिरकाव झाला तर जिवावर बेततें, हें डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेविलें होतें. अखेर तिसऱ्या दिवशीं आम्हीं ती चिठ्ठी पाटावर पसरली, लहानथोर मंडळी भोंवतीं बसविली आणि त्या नांवाचा पदच्छेद केला. तोच येथें देतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, समासांत शेवटचें पद कितीही थोरलें असलें तरी भेद सांगणारें पद बहुधा आरंभींचें असतें. 'पीतांबर' आणि 'श्वेतांबर' यांत अंबर दोहींकडे आहे; सोंवळें कोणतें हें कळतें तें पहिल्या पदावरून. आमच्या चिठ्ठींतील नांवाचीही तीच गत. चित्र कशाचें काढावयाचें, हें शेवटच्या पदानें सांगितलें. तें कसें काढावयाचें, हें आरंभींच्या पदांनीं सांगितलें. रुग्णाच्या दृष्टीनें यांतला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि घाईंत गिळलीं जातात तीं नेमकीं तींच पदें.

'मॅग्नेटिक' म्हणजे चुंबकाचें. 'रेझोनन्स' याला शास्त्राच्या मराठी पुस्तकांत अनुस्पंदन किंवा अनुनाद म्हणतात. मूळ लॅटिन धातु ध्वनि करणें या अर्थाचा, आणि तो आपल्या 'स्वन्' धातूचा सख्खा भाऊ आहे. 'सोनोग्राफी'मधील 'सोनो' तोच. एका तंबोऱ्याची तार छेडली असतां शेजारच्या, त्याच सुरांत लाविलेल्या तंबोऱ्याची तार आपोआप थरथरते. तसाच कांहींसा प्रकार येथें चुंबकाच्या क्षेत्रांत शरीरांतील हायड्रोजनच्या अणुगर्भांचा होतो. रुग्णानें करावयाचें एवढेंच, कीं अंगावरचे दागिने व धातूच्या वस्तु काढून बोगद्यासारख्या यंत्रांत निश्चल निजावयाचें. यंत्र खडखडाट फार करतें. हृदयांत पेसमेकर बसविला असल्यास किंवा शरीरांत धातूचा तुकडा असल्यास तें आधीं सांगावें लागतें. नळी नाहीं, सुरी नाहीं, क्ष-किरणही नाहींत.

आतां दुसरी जोडी. 'एंडॉन' म्हणजे आंत, 'स्कोपेइन' म्हणजे पाहणें. हे दोन्ही ग्रीक शब्द. 'एंडोस्कोपिक' म्हणजे नळींतून आंत पाहून केलेलें. 'रेट्रो' म्हणजे मागें आणि 'ग्रेड' म्हणजे पाऊल टाकणें, हे लॅटिन. पित्त नळींतून आंतड्याकडे खालीं वाहतें. या प्रकारांत चित्रांत उमटणारें औषध त्या प्रवाहाच्या उलट वर सोडतात आणि क्ष-किरणांनीं चित्र घेतात. ज्यांस अनुलोम आणि प्रतिलोम हे शब्द परिचित आहेत, त्यांनीं 'रेट्रोग्रेड' म्हणजे प्रतिलोम एवढें लक्षांत ठेवावें. हा प्रकार १९६८ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. चुंबकाचा प्रकार त्यानंतर दोन तपांनीं, १९९१ च्या सुमारास आला.

राहिलें तें शेवटचें पद. त्याचे चार तुकडे पडतात: कोल, अँजिओ, पँक्रिॲट, ग्राफी. चारही ग्रीक आहेत; पण संस्कृत शिकलेल्यास त्यांतील दोघांचा चेहरा ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

'कोल' हा ग्रीक 'खोले' शब्द, अर्थ पित्त. हा शब्द आणि आपला 'हरि' म्हणजे पिंवळट-हिरवा, हे एकाच मुळाचे आहेत असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. हरिद्रा, म्हणजे आपली हळद, त्याच कुळांतली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत सूर्याचें एक सूक्त आहे. त्यांत रोग्याच्या अंगावरील 'हरिमा', म्हणजे पिंवळेपणा, काढून पोपटांच्या अंगीं नेऊन ठेवण्याची प्रार्थना केलेली आहे. आयुर्वेदांत जिला कामला म्हटलें आणि आपण जिला कावीळ म्हणतों, तिचाच हा रंग. हजारों वर्षांमागें ज्या वर्णावरून ऋषींनीं हा विकार ओळखला, त्याच वर्णाचें नांव ग्रीकांनीं पित्तास दिलें. आमच्या चिठ्ठीवरचें पहिलें भयंकर अक्षर तें हेंच!

'अँजिओ' म्हणजे पात्र किंवा नळी. हा शब्द तर आज घरोघरीं वावरतो. ज्या कुटुंबांत कोणाची ना कोणाची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झाली नाहीं, असें कुटुंब शहरांत विरळा. तेथें रक्ताची नळी, येथें पित्ताची, एवढाच भेद.

'पँक्रिॲस' यांत 'पान' म्हणजे सगळें आणि 'क्रेआस' म्हणजे मांस: हाड नाहीं, कूर्चा नाहीं, सगळा मांसाचाच गोळा असलेला अवयव. मराठींत त्यास स्वादुपिंड म्हणतात. 'क्रेआस'चा भाऊ वेदांतला 'क्रविस्'. त्यावरून क्रव्य, आणि चितेवरील अग्नीस 'क्रव्याद' म्हणतात तो शब्द. मध्येंच 'ट' कोठून उपटला, असें आमच्या नातीनें विचारलें. त्याचें उत्तर असें, कीं प्रथमेच्या एकवचनांत 'महान्' दिसणारा शब्द मूळचा 'महत्' असतो; तसा 'क्रेआस' शब्दाच्या मूळ अंगांत त् आहे आणि समासांत तो बाहेर येतो. 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणें. पण त्याचा आद्य अर्थ ओरखडणें. आपल्या 'लिख्' धातूचाही आद्य अर्थ ओरखडणें हाच. तेव्हां सगळ्या पदाचा अर्थ झाला: पित्ताच्या नळ्या आणि स्वादुपिंड यांचें लेखन, म्हणजे चित्र.

येथवर अर्थाचे तुकडे झाले. परंतु जीभ अर्थाच्या तुकड्यांवर थांबत नाहीं, ती अक्षरांवर थांबते, आणि अडखळण्याचें खरें कारण हेंच आहे. अर्थानें तोडलें तर 'कोल्' आणि 'अँजिओ'; जिभेनें तोडलें तर 'को' आणि 'लँ'. अर्थाचा सांधा ल च्या पुढें आहे, श्वासाचा सांधा ल च्या मागें. हा घोटाळा इंग्रजीनेंच केला असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या घरोघरीं मुलें 'गणपत्यथर्वशीर्ष' हें नांव सहज घेतात. त्यांत 'गणपति' कोठें संपला आणि 'अथर्व' कोठें सुरू झाला? दोन्ही त्या एका 'त्य' मध्यें आहेत! मुलाची जीभ ग-ण-प-त्य अशी पुढें धांवते; अर्थ पाहणारा मात्र त्या 'त्य'चे दोन भाग करतो. ज्या पोरास हें येतें, त्यास कोलँजिओपँक्रिॲटोग्राफी जड कां जावी?

आमच्या नाशिक जिल्ह्यांतच याचें एक उत्तम उदाहरण आहे. 'त्र्यंबक' हें नांव 'त्रि' आणि 'अंबक' यांचा संधि होऊन झालें. वेदांतील त्या प्रसिद्ध मंत्राचा पहिला चरण नुसत्या 'त्र्यं' उच्चारानें मोजला तर सात अक्षरांचा भरतो; अनुष्टुभाला आठ अक्षरें हवींत. म्हणून छंद जाणणारे तेथें 'त्रियं' अशीं दोन अक्षरें मोजतात. एक संधि उकलला आणि लंगडा चरण पायांवर उभा राहिला. गांवच्या साध्या माणसांनीं त्या क्षेत्राचें नांव 'त्रिंबक' केलें. पंडितांनीं त्यांस हंसावें, पण 'त्रि' मात्र त्यांनीं सांभाळून ठेविला आहे!

वेदांचा पाठ शुद्ध राहावा म्हणून आपल्या पूर्वजांनीं हीच दुहेरी व्यवस्था केली होती. संहितापाठांत शब्द जसे उच्चारांत जुळतात तसे म्हणावयाचे. पदपाठांत ते अर्थाप्रमाणें सुटे करावयाचे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नांवावर आहे. दोन्ही पाठ ज्यास येतात, त्याचा शब्द जिभेवरही घसरत नाहीं आणि डोक्यांतही घसरत नाहीं. वैद्यकाच्या नांवासही हे दोन्ही पाठ हवेत.

आतां उच्चाराविषयीं थोडें. या पदाचीं अक्षरें दहा: को, लँ, जि, ओ, पँ, क्रि, ॲ, टो, ग्रा, फी. रोमन लिपींत आरंभीं 'च'सारखीं दिसणारीं दोन अक्षरें असतात. पण शब्द ग्रीक असला कीं त्यांचा उच्चार 'क' होतो. कॉलरा, केमिस्ट, स्कूल यांत तसाच होतो. आणि 'ख्रिस्त' शब्दांत तर मराठीनें ग्रीकांचा मूळ 'ख'च राखला आहे. 'जि' मधील ज हा 'जीव' शब्दांतला, 'जावई' शब्दांतला नव्हे. 'लँ' आणि 'पँ' यांवरील नासिक्य ध्वनि आपोआप नीट होतो. कारण अनुस्वार पुढल्या व्यंजनाच्या वर्गांत जातो हा परसवर्णाचा नियम मराठी जिभेस उपजत ठाऊक आहे. ज पुढें असतां ती ञ् च्या जागेवर वळते, क पुढें असतां ङ् च्या. 'पंकज' ज्यास म्हणतां येतें, त्यास 'पँक्रि' म्हणतां येतें. 'ॲ' हें अक्षर संस्कृतांत नाहीं. पण मराठीनें तें केव्हांच आपलें केलें असून, २००९ सालीं शासनानें ठरविलेल्या प्रमाण वर्णमालेंत 'ॲ' व 'ऑ' या दोहोंस स्थानही मिळालें आहे.

इंग्रज मनुष्य या पदांत सारा जोर 'टॉ' वर देतो आणि पुढचीं दोन अक्षरें हलकीं करतो. 'फोटॉग्रफी', 'जिऑग्रफी' यांतही त्याची हीच रीति. आपण 'फोटोग्राफी' म्हणतों आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं. मराठीचा कणा आघातावर नसून अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घावर आहे. तेव्हां परक्या हेलाची नक्कल करण्याचें कारण नाहीं. अक्षर मात्र एकही गिळूं नये. पाणिनीय शिक्षेंत यासाठीं एक सुंदर उपमा आहे: वाघीण आपलीं पिलें दांतांत धरून नेते, तीं पडूंही देत नाहीं आणि त्यांस दांतही लागूं देत नाहीं, तसे वर्ण उच्चारावे. आमच्या नातीस आम्हीं हें पद क्रमपाठानें शिकविलें: को-लँ, लँ-जि, जि-ओ, ओ-पँ, पँ-क्रि, याप्रमाणें दोन-दोन अक्षरांची सांखळी. पांच मिनिटांत तिनें तें पाठ केलें आणि पुढें स्वतःच्या हौसेनें जटापाठही सुरू केला!

कोणी म्हणेल, हा सर्व पंडितांचा विरंगुळा. आजाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यास आम्ही 'इंद्रशत्रु' या शब्दाची जुनी कथा सांगूं. इंद्रानें आपला पुत्र मारला म्हणून त्वष्ट्यानें इंद्राचा संहार करणारा पुत्र व्हावा या हेतूनें यज्ञ केला. त्यास म्हणावयाचें होतें 'इंद्राचा मारणारा'. पण स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि अर्थ निघाला 'इंद्र ज्याचा मारणारा'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. एवढ्याशा स्वरानें जेथें प्राण गेला, तेथें अख्खीं दोन पदें गाळल्यानें घरांत अनर्थ झाल्यास नवल तें काय?

आणि उपयोग झाला तो असा. पदच्छेद संपल्यावर वहिनींनीं विचारलें, "म्हणजे यांत नळी नाहीं?" "नाहीं." "नुसतें निजायचें?" "नुसतें निजायचें. आवाज मात्र फार होतो म्हणतात." "आवाजाला काय भ्यायचें, भाऊजी! या वाड्यांत मीं पन्नास वर्षें काढलीं." दुसऱ्या दिवशीं तपासणी झाली. चित्रांत नळींत अडकलेला खडा स्पष्ट दिसला. पुढें जें झालें तें अधिक सांगण्यासारखें आहे. खडा काढावयाचा तर आतां ई. आर्. सी. पी. च करावी लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. ज्या नांवास भिऊन तीन दिवस गेले, तेंच नांव दारांत येऊन उभें राहिलें. पण या खेपेस वहिनी देवघरांत गेल्या नाहींत. त्यांनीं डॉक्टरांस स्वतः विचारलें, "स्वादुपिंडाला सूज येण्याची भीति माझ्या बाबतींत किती? आणि आलीच तर तुम्ही काय कराल?" डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनीं दहा मिनिटें नीट समजावून सांगितलें. वहिनींनीं संमतिपत्र वाचून घेतलें आणि त्यावर स्वतःची सही केली. खडा निघाला, पंधरवड्यांत डोळे पांढरे झाले. भय सगळें गेलें होतें असें नव्हे. परंतु उरलेलें भय ठराविक गोष्टीचें होतें, आणि ठराविक भयाला उत्तर मागतां येतें.

शेवटीं एका आक्षेपाचा विचार करूं. हीं परकीं नांवें हवींत कशाला, मराठी नांवेंच कां नकोत, असें अनेक सुज्ञ विचारतात. आमचें मत असें, कीं दोन्ही हवींत. 'पित्तनलिका-स्वादुपिंड-चित्रण' हें मराठी नांव मोजून पाहा. त्याचीं लिहिलेलीं अक्षरें बारा भरतात, म्हणजे इंग्रजीपेक्षां दोन अधिकच! तरीही त्याचें भय वाटत नाहीं, कारण त्याचे तुकडे आपले आपणच पडतात. मराठींत हें सामर्थ्य नाहीं असें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत मराठींतून वैद्यक शिकविणारा वर्ग चालत असे. १९६० सालीं भाषा संचालनालय निघालें आणि शास्त्रोशास्त्रींचे परिभाषाकोश तयार झाले. 'क्ष-किरण' हा शब्दच पाहा. १८९५ सालीं राँटगेननें शोधलेल्या किरणांचें स्वरूप अज्ञात, म्हणून त्यानें त्यांस बीजगणितांतल्या अज्ञात राशीचें नांव दिलें. मराठी बीजगणितांत अज्ञात राशि 'क्ष', म्हणून ते झाले क्ष-किरण. याहून सरस भाषांतर कोणत्या भाषेनें केलें असेल? तथापि चिठ्ठीवर, यंत्रावर आणि विम्याच्या कागदावर जें नांव छापलेलें असतें तें इंग्रजीच असतें, आणि रुग्ण उद्यां नाशकाहून मुंबईस हलविला तर तेथेंही तेंच लागतें. म्हणून मराठी नांव समजण्यासाठीं, आणि मूळ नांव हरवूं नये यासाठीं, अशी वांटणी करावी.

नाशकांत १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. राज्यांतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी त्याची पदवी घेऊन बाहेर पडतात. तपासणीच्या प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजी नांवाखालीं मराठींत एक ओळ असावी, एवढी संवय जर या तरुण डॉक्टरांस विद्यार्थिदशेंतच लागली, तर कोणास एक पैचा खर्च न होतां लाखों घरांची झोंप वांचेल. तें होईल तेव्हां होवो. तोंवर गृहस्थांनीं आपल्या घरापुरते तीन नियम पाळावे. आद्याक्षरांवर समाधान मानूं नये, पूर्ण नांव मागून लिहून घ्यावें. तें वाचतांना आरंभींचीं पदें सोडूं नयेत, कारण आपल्याला काय सोसावें लागणार हें तेथेंच लिहिलेलें असतें. आणि तें नांव घरांतील एखाद्या मुलाकडून, अक्षर न गाळतां, ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्यासमोर मोठ्यानें म्हणवून घ्यावें, व त्याचा अर्थ त्यास मराठींत सांगावा. देह ज्याचा, त्याला त्या देहाचें काय होणार हें पूर्ण नांवानिशीं कळलें पाहिजे. मग नांव दहा अक्षरांचें असो कीं दोन अक्षरांचें.